नगर आणि नगराचा ग्रंथ

इ. स. ९०४ मध्यें चीन देशांतील छांगआन हें शहर मोडण्यांत आलें. 'मोडण्यांत आलें' हे शब्द आम्ही अलंकारिक अर्थानें योजीत नाहीं. थांग घराण्याच्या शेवटच्या दिवसांत चू वेन नांवाच्या सेनापतीनें बादशहाला पूर्वेस लोयांग येथें हालविण्याचें ठरविलें, तेव्हां राजवाडे, कचेऱ्या आणि नागरिकांचीं घरें उतरवून त्यांचें लांकूड वेइ नदींत सोडलें गेलें आणि तें पुढें पीत नदीच्या प्रवाहानें लोयांगाकडे वाहात गेलें. सुमारें ३६ किलोमीटर घेराच्या तटाआड जें शहर सव्वातीनशें वर्षें नांदलें होतें, त्याच्या जागीं उघडीं मैदानें आणि शेतें राहिलीं. यानंतर १७२ वर्षांनीं, म्हणजे १०७६ सालीं, सुंग मिन-छिउ नांवाच्या एका विद्वान अधिकाऱ्यानें 'छांगआन-चिह' हा वीस भागांचा ग्रंथ पुरा केला. त्यांत त्यानें नष्ट झालेल्या त्या शहराचा एकेक मोहोल्ला घेऊन, येथें अमक्या प्रधानाचा वाडा होता, येथें अमका विहार होता, येथें अमकी बाजारपेठ होती, असें क्रमानें नोंदवून ठेवलें. पुढें चारच वर्षांनीं, १०८० सालीं, ल्यू ता-फांग यानें त्या शहराचा नकाशा दगडावर कोरविला. लांकूड नदीनें नेलें, पण नगर ग्रंथांत राहिलें.

ही हकीकत खानदेशांतील वाचकापुढें ठेवण्याचें कारण उघड आहे. आमच्या तापीच्या कांठींही एक राजधानी होती. तिचें नांव थाळनेर. छांगआनच्या जागीं आज जें शीआन शहर आहे त्याचा सुप्रसिद्ध तट मिंग काळांत १३७० नंतरच्या दशकांत बांधला गेला आणि थाळनेरचा परगणा फिरोजशहा तुघलकाकडून मलिक राजा फारुकी याला मिळाला तोही १३७० च्या सुमारासच. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच पिढींतल्या. परंतु शीआनमध्यें उभा राहणारा मनुष्य, मी कोणत्या मोहोल्ल्यावर उभा आहें, असें विचारूं शकतो आणि त्याला उत्तर देणारें पुस्तक आहे. थाळनेरच्या घाटावर उभ्या असलेल्या मनुष्याला तो प्रश्नच सुचत नाहीं, कारण उत्तर मिळण्याची सोय नाहीं. हा फरक संपत्तीचा किंवा पराक्रमाचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. तो एका वाङ्मयप्रकाराचा फरक आहे, आणि त्या वाङ्मयप्रकाराचें परीक्षण करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम छांगआनच्या ग्रंथाचें सामर्थ्य कशांत आहे तें पाहूं. सुंग मिन-छिउ हा मोठा ग्रंथसंग्राहक होता. त्याच्याकडील पुस्तकें वाचावयास मिळावीं म्हणून विद्वान लोक त्याच्या शेजारीं बिऱ्हाड करीत आणि त्यामुळें त्या आळींतील भाडीं वाढलीं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याची लेखनपद्धति तिच्याशीं जुळते. त्याच्यापूर्वीं सुमारें साडेतीनशें वर्षें वेइ शू नांवाच्या लेखकानें दोन राजधान्यांचें वर्णन लिहिलें होतें. सुंगनें तें आधाराला घेतलें, त्यांत इतर साधनांची भर घातली आणि शहराचें मूळचें चौकटीचें रूप हाच आपल्या ग्रंथाचा सांचा ठरविला. गंमत अशी कीं वेइ शूचा मूळ ग्रंथ पुढें चीनमध्यें बहुतांशीं लुप्त झाला आणि त्याचा एक भाग जपानांत टिकला. ग्रंथावर ग्रंथ रचला गेल्यामुळें एक गेला तरी दुसऱ्याच्या पोटांत तो राहिला. परंपरा म्हणतात ती हीच.

दुसरें असें, कीं त्या वर्णनांत भूगोल हा प्रारंभींचा नमस्कार म्हणून येत नाहीं. तो शहराच्या चरित्राचें कारण म्हणून येतो. उत्तरेस वेइ नदी, दक्षिणेस छिन-लिंग पर्वताची भिंत आणि सभोंवतीं आठ नद्या, अशी छांगआनची बैठक आहे. तेथेंच हान वंशाचें जुनें शहर होतें. शेंकडों वर्षांच्या वस्तीनें तेथील विहिरींचें पाणी मचूळ झालें, हें एक कारण होऊन ५८२ सालीं स्वै घराण्याच्या पहिल्या बादशहानें आग्नेयेकडे नवें शहर आंखलें. तेंच पुढें थांग घराण्याचें छांगआन. सरळ रस्ते, शंभरावर कोटबंद मोहोल्ले, पूर्वेस एक आणि पश्चिमेस एक असे दोन बाजार, आणि मधोमध सुमारें दीडशें मीटर रुंदीचा राजमार्ग. पाणी बिघडलें म्हणून नगर सरकलें, आणि नगर सरकलें म्हणून नवी आंखणी शक्य झाली. भूगोल आणि संस्कृति यांचा असा कार्यकारणसंबंध दाखविणें हेंच स्थलवर्णनाचें खरें काम होय.

या ग्रंथाच्या मागें-पुढें चीनमध्यें स्थानिक वृत्तग्रंथांची एक प्रचंड मालिका आहे. १९४९ पूर्वींचे असे आठ हजारांहून अधिक ग्रंथ आज उपलब्ध आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं तेथील पंडितांनीं एकत्र बसून डोंगर, नद्या, तट, शाळा, कर, पिकें, चालीरीति, नामांकित माणसें आणि त्या ठिकाणावर झालेली कविता यांची नोंद करावयाची, कांहीं दशकांनीं ती सुधारून पुनः लिहावयाची आणि जुन्या आवृत्तीच्या प्रस्तावना नव्या आवृत्तींत जपून ठेवावयाच्या, असा तो प्रघात. नवा अधिकारी बदलून आला कीं त्यानें प्रथम हा ग्रंथ वाचावा, अशी अपेक्षा असे. या पद्धतीचे दोषही लपवूं नयेत. हे ग्रंथ गांवच्या प्रतिष्ठितांनीं लिहिले, म्हणून त्यांत प्रतिष्ठितांचीच गर्दी आहे. दुष्काळांत कोण मेलें याचा आंकडा सांपडेल, पण नांव सांपडणार नाहीं. स्त्रियांना त्यांत जागा आहे, पण ती बहुशः पतिनिष्ठ विधवांच्या यादींत. गांवाची लाज झांकण्याकडे लेखकांचा कल असतो. तरी एवढें खरें कीं गांवाबद्दल लिहिणें हें गांवाचेंच काम आहे, ही जाणीव त्यांत पक्की आहे.

मराठींत ही जाणीव कधींच नव्हती काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. चौदाव्या शतकांतील, मुनिव्यासांच्या नांवावर असलेली महानुभावीय 'स्थानपोथी' ही आमच्या मतें मराठींतील पहिली स्थलवर्णनपर कृति होय. चक्रधरस्वामी ज्या ज्या गांवीं राहिले, बसले, जेवले, निजले त्या प्रत्येक ठिकाणची नोंद तींत आहे. देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, नदी कोठून वाहते, ओटा कोठें आहे, हें सारें पोथींत इतक्या नेमकेपणानें सांगितलें आहे कीं वाचतां वाचतां मनांत आराखडा उमटत जातो. डॉ. वि. भि. कोलते यांनीं ही पोथी संपादून अभ्यासकांच्या हातीं दिली, हें त्यांचें मोठें उपकार आहेत. भडगांव तालुक्यांतील कनाशीसारखें महानुभावांचें स्थान आमच्याच भागांत असल्यामुळें खानदेशच्या वाचकाला तर या वाङ्मयाचा विशेष जिव्हाळा वाटावयास हवा.

मात्र स्थानपोथीची दृष्टि भक्ताची आहे. पंथीयांना जेथें नमस्कार करावयाचा ती जागा चुकूं नये, एवढ्यासाठीं तिचा सारा नेमकेपणा आहे. ज्या ओट्यावर स्वामी बसले तो ओटा तिला दिसतो. शेजारच्या विणकराचें घर दिसत नाहीं. तरीसुद्धां ती रचणाऱ्याची शिस्त पुढच्या मराठी लेखकांनीं उचलली असती तर आमचें स्थलवाङ्मय आज वेगळें दिसलें असतें. पण पोथ्या सांकेतिक लिपींत राहिल्या, पंथाबाहेर त्या कोणी वाचल्या नाहींत, आणि एक चांगली सुरुवात आपल्या ठिकाणींच थांबली. वेइ शूला सुंग मिन-छिउ भेटला. मुनिव्यासांना तसा कोणी भेटला नाहीं.

नंतर एकदम एकोणिसावें शतक. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं निघालें आणि पांच वर्षांनीं ना. वि. जोशी यांचें पुणें शहराचें वर्णन आलें. माडगांवकरांच्या पुस्तकाचा मोठा गुण असा कीं त्यांना शहर हा एक चालता व्यवहार म्हणून दिसतो. तलाव, रस्ते, आगगाडी, गिरण्या, नाना जातींचे व धर्मांचे लोक, त्यांचे पोशाख आणि धंदे यांकडे ते कुतूहलानें पाहतात आणि तें कुतूहल लपवीत नाहींत. हीं पुस्तकें राजधान्यांच्या शहरांना मिळालीं. खानदेशांतील कोणत्याही शहराला त्यांच्या तोडीचा ग्रंथ लाभलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्हांस मिळालें तें १८८० सालचें, सर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचें बारावें पुस्तक, 'खानदेश'.

या पुस्तकाविषयीं बोलतांना कृतज्ञता आणि तक्रार या दोन्ही एकदम मनांत येतात. शंभर-सव्वाशें वर्षें खानदेशावर जो कोणी लिहितो तो याच विहिरीचें पाणी काढतो, आम्हीही काढतों. पिकें, जमिनीचे प्रकार, जाती, व्यापार, दुष्काळ, महसूल यांची अशी भरगच्च माहिती त्यापूर्वीं कोणी एके ठिकाणीं आणलेली नव्हती. परंतु टीकाकारानें ग्रंथाचा सांचाही पाहिला पाहिजे. गांवांचें वर्णन यांत शेवटच्या प्रकरणांत येतें आणि तें इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानें लावलेलें आहे. छांगआनचा लेखक एका मोहोल्ल्यांतून शेजारच्या मोहोल्ल्यांत जातो. गॅझेटियरचा लेखक एका अक्षरावरून पुढल्या अक्षरावर जातो. त्यामुळें एकाच तापीच्या कांठचीं गांवें एकमेकांपासून तुटतात. वर्णनाचा आरंभ बहुधा जवळचें रेल्वे स्थानक किती मैलांवर आणि १८७२ च्या खानेसुमारींत वस्ती किती, येथून होतो. ज्याला कारभार करावयाचा आहे त्याच्या हें सोयीचें. ज्याला तेथें राहावयाचें आहे त्याचे प्रश्न निराळे असतात.

उदाहरणार्थ, खानदेशचें मुख्य शहर एका जागीं कां राहिलें नाहीं, हा प्रश्न घ्या. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची व सातमाळ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रि आणि मधून पश्चिमवाहिनी तापी, असा हा प्रदेश. तापीचे कांठ इतके उंच आणि खचलेले कीं तिच्या पाण्यावर जुन्या काळीं भिजवण करणें अवघड. पाटाची शेती वाढली ती दक्षिणेकडून येणाऱ्या पांझरेसारख्या नद्यांवर. तेव्हां तापीकांठच्या नगराचें महत्त्व शेतीपेक्षां वाटेवर अवलंबून असे. पहिली राजधानी थाळनेर, सुरतेकडून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या टापूंत, नदीच्या कांठीं. मलिक राजा १३९९ सालीं वारला आणि तेथेंच त्याची कबर आहे. त्याच्या मुलानें, नासिरखानानें, असीरगड घेतला आणि त्या गडाच्या आश्रयानें, उत्तरेकडील वाटेच्या तोंडाशीं बऱ्हाणपूर वसविलें. राजधानी नदीनेंच वर सरकली. १६०१ सालीं असीरगड अकबराच्या हातीं गेला आणि फारुकींचें राज्य संपलें. पुढें इंग्रजांनीं ठाणें केलें तें तापीवर नव्हेच. तें पांझरेकांठच्या धुळ्यास, मुंबई-आग्रा रस्त्यावर. मग आगगाडी आली आणि कापसाचा बाजार जळगांवास जमला; १९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हां जळगांवही ठाण्याचें गांव झालें. नदीचा उतार, डोंगराची खिंड, सडक, लोहमार्ग, असें वाटेचें रूप जसजसें बदललें तसतसें शहर हललें. छांगआन मोडलें, पण तें मोडलेल्या जागींच पुनः उभें राहिलें. त्याची स्मृति एका जागीं थर धरीत गेली. खानदेशचें नगर बिऱ्हाड बदलीत राहिलें आणि प्रत्येक बदलांत जुन्या घरांतील कांहीं सामान मागें राहिलें. हा विचार मांडण्यास लागणारी बहुतेक सामग्री गॅझेटियरांत आहे. विचार मात्र नाहीं, कारण अक्षरानुक्रमाला विचार सुचत नसतो.

थाळनेरचीच दुसरी गोष्ट पाहा. १८१८ च्या जानेवारींत मंदसोरच्या तहानें होळकरांनीं हा मुलूख इंग्रजांस दिला. २७ फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लॉपचें सैन्य किल्ल्यापुढें आलें. दरवाजांत बोलणें चालूं असतां गोंधळ झाला, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे मारले गेले, आणि मग आंतील शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामा यास फांशीं देण्यांत आलें. या फांशीबद्दल पुढल्याच वर्षीं, हिस्लॉपच्या आभाराचा ठराव निघाला तेव्हां, खुद्द ब्रिटिश पार्लमेंटांत आक्षेप घेतले गेले. किल्लेदाराला तहाची खबर होती काय, दरवाजांतील दगा कोणाचा, समजुतीची चूक कोणाची, हे वादाचे मुद्दे आहेत. आणि वाद आहे म्हणूनच त्याला दोन्ही बाजूंचें लेखन हवें. एका बाजूनें अहवाल लिहिले, आठवणी लिहिल्या, पार्लमेंटांत भाषणें केलीं. दुसऱ्या बाजूकडे तुळशीराम मामाचें नांव एवढेंच राहिलें. जें गांव आपली हकीकत लिहीत नाहीं त्याची हकीकत लिहिली जातच नाहीं असें नाहीं; ती दुसरा लिहितो, एवढेंच.

दुसऱ्यानें लिहिलेलें नेहमींच वाईट असतें, असा मात्र आमचा समज नाहीं. छांगआनहून निघालेला ह्युएन त्संग हा भिक्षु इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला. त्याचा प्रवासग्रंथ परत गेल्यावर ६४६ सालीं छांगआनमध्येंच लिहून पुरा झाला. येथील लोकांबद्दल त्यानें लिहिलेलें प्रसिद्धच आहे: ते मानी आहेत, उपकार स्मरतात, अपमान विसरत नाहींत, आणि शत्रूवर चालून जाण्यापूर्वीं त्याला सूचना देतात. देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत, अंधाऱ्या दरींत कोरलेल्या एका विहाराचें वर्णनही त्यांत आहे. त्याचा संस्थापक म्हणून तो ज्या अर्हताचें नांव देतो, त्याचा मेळ अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांतील शिलालेखांत आलेल्या स्थविर अचलाशीं विद्वानांनीं घातला आहे. खानदेशच्या दक्षिण सीमेवरील या डोंगराची आठवण इकडे पुसून गेली असतां ती वेइ नदीच्या कांठीं जपून राहिली. परक्याचे उपकार ते हे. आणि परक्याची मर्यादाही याच ग्रंथांत दिसते. महाराष्ट्राच्या राजधानीच्या पश्चिमेस मोठी नदी आहे आणि तिचा घेर तीस ली आहे, असें तो सांगतो. नांव सांगत नाहीं. तेवढ्यावरून कोणी नाशिक म्हणतो, कोणी दुसरें शहर सुचवितो, आणि पुलकेशीची बदामी त्या वर्णनांत नीट बसत नाहीं. प्रवासी शहराचा घेर मोजूं शकतो. शहराला घरचे लोक काय म्हणतात हें त्यानें लिहिलें नाहीं तर विचारण्यास दुसरी जागा उरत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. धुळ्यानें साधनें जपण्याचें काम केलें नाहीं, असें कोण म्हणेल? शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह धुळ्यास केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं आयुष्याचा शेवट याच गांवीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं केला आणि त्यानंतर नऊ दिवसांनीं, ९ जानेवारी १९२७ रोजीं, त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें राहिलें. त्याचें 'संशोधक' हें नियतकालिक विद्वानांस परिचित आहे. पाटण्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणला म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें 'सिद्धांतशिरोमणी'च्या अध्ययनासाठीं शके ११२८ च्या सुमारास चाळीसगांवजवळ मठ स्थापिल्याचें आपणांस कळलें. स्वातंत्र्योत्तर काळांत प्रकाशें आणि बहाळ येथील उत्खननांनीं या नदीखोऱ्यांतील वस्ती ताम्रपाषाणयुगापर्यंत मागें नेली; गॅझेटियरकारांना याची कल्पनाही नव्हती. मग तक्रार कशाची?

तक्रार एवढीच कीं साधन म्हणजे ग्रंथ नव्हे. दप्तरांत कागद असणें आणि गांवाच्या मनांत गांव असणें यांत अंतर आहे. तें तुटल्यावर काय होतें याचें एक नित्याचें उदाहरण देतों. धुळ्याची सरळ आंखणी विश्वेश्वरय्या यांनीं केली, असें पुष्कळांकडून ऐकूं येतें. विश्वेश्वरय्या १८८४ सालीं धुळ्यास नोकरीस होते आणि पांझरेच्या पाटाच्या कामावर त्यांनीं नळाचें काम केलें, हें खरें. पण कॅप्टन ब्रिग्जनें धुळें हें ठाणें म्हणून निवडलें, कचेऱ्या बांधविल्या आणि बाहेरगांवचे कारागीर व व्यापारी बोलावून नवी वस्ती केली, ती त्यापूर्वीं पांसष्ट वर्षें. त्याच्याही आधीं, १८०३ च्या भयंकर दुष्काळांत धुळें ओस पडलें असतां, विंचूरकरांच्या आश्रयाचे बाळाजी बळवंत यांनीं दुसऱ्याच वर्षीं तें पुनः वसविलें आणि १८१८ पर्यंत येथूनच कारभार केला. म्हणजे ब्रिग्जला सांपडलें तें ओसाड माळरान नव्हतें. एका मनुष्यानें मेलेल्या गांवांत पुनः दिवा लावलेला होता. आज विश्वेश्वरय्यांचें नांव सर्वांस ठाऊक, ब्रिग्जचें थोड्यांस, आणि बाळाजी बळवंतांचें जवळजवळ कोणास नाहीं. कालक्रम अगदीं उलटा झाला. ग्रंथाच्या अभावीं स्मृति रिकामी राहत नसते. तिच्यांत मोठें नांव येऊन बसतें आणि लहान नांवें बाहेर जातात.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. नगराचा कांहीं वारसा असा असतो कीं तो कागदावर कधींच नव्हता. पांझरेवरील फडपद्धति घ्या. नदीवर ठिकठिकाणीं बंधारे, त्यांतून निघालेले पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घेण्याचा नियम, आणि पाण्याची वांटणी पाहणारा पाटकरी. शेंकडों वर्षें ही व्यवस्था लोकांनीं आपापसांत चालविली. तिचें शास्त्र पाटकऱ्याच्या डोक्यांत होतें. अहिराणी बोलींत या पाटापाण्याचे जे शब्द आहेत ते पाणी वाहणें थांबलें कीं ऐकूं येईनासे होतात. आणि ज्या धरणानें वरचें पाणी अडविलें त्याच्या कागदांत ते शब्द नसतात. बहिणाबाई चौधरींचें उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढचें आहे. असोद्याला १८८० सालीं, म्हणजे ज्या वर्षीं खानदेशचें गॅझेटियर निघालें त्याच वर्षीं, ही बाई जन्मली. तिला लिहितां येत नव्हतें. शेतांत, जात्यावर, चुलीपुढें तिनें जें गाइलें तें मुलानें व आप्तानें वेळेवर टिपून घेतलें म्हणून तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, तें पुस्तकरूपानें आलें. जळगांवच्या आसपासची जमीन, पाऊस, पेरणी, संसार आणि माणसें यांचें तिच्याइतकें अचूक वर्णन कोणत्याही सरकारी पुस्तकांत नाहीं. टिपणारा नसता तर? अशा किती बहिणाबाई टिपणाऱ्यावांचून गेल्या असतील, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. चिनी वृत्तग्रंथांनीं विधवांच्या याद्या केल्या आणि त्यांचीं गाणीं सोडून दिलीं. आम्ही याद्याही केल्या नाहींत.

या दोषाचा वांटा आम्हां इंग्रजी शिकलेल्यांकडे बराच येतो, हें कबूल केलें पाहिजे. ह्युएन त्संगाचा प्रवास आम्ही बील आणि वॉटर्स यांच्या इंग्रजींतून वाचला तो विद्यार्थिदशेंत. स्थानपोथी हातीं धरली ती केस पांढरे होऊं लागल्यावर. छांगआनच्या राजमार्गाची रुंदी आम्हांस पाठ होती, आणि थाळनेरच्या कबरी मात्र एका विद्यार्थ्यानें, त्याचें आजोळ तेथें होतें म्हणून, नेऊन दाखविल्या. त्यानें वाटेंत विचारलें, 'सर, आमच्या गांवावर पुस्तक आहे का?' तेव्हां आम्ही गॅझेटियरचें नांव सांगितलें. तें उत्तर त्यास पुरलें नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें. आणि खरें पाहतां तें आम्हांसही पुरलें नाहीं. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराचीच पुरवणी आहे, असें म्हणावें.

मग पुरणारें पुस्तक कसें असावें? चीनकडून त्यानें तीन गोष्टी घ्याव्या: एकाच गांवाचा आंखीव विषय, पायीं चालत जाणारा क्रम, आणि पूर्वींच्या लेखकाचें ऋण मान्य करून त्यांत भर घालण्याची सवय. स्थानपोथीकडून दिशांचा नेमकेपणा घ्यावा; मात्र जो ओटा पूज्य आहे त्याच्या शेजारचें घरही पाहावें. माडगांवकरांकडून कुतूहल घ्यावें. गॅझेटियरकडून आंकडे घ्यावे, क्रम घेऊं नये. आणि चिनी ग्रंथकारांनीं जी चूक केली ती करूं नये, म्हणजे गांवाची लाज झांकूं नये: ओस पडलेला दुष्काळ, १८७२ च्या पुरांत धुळ्याचीं वाहून गेलेलीं घरें, हटविलेल्या वस्त्या, हें सारें नांवानिशीं त्यांत यावें. तें एका मनुष्याच्या हातून न होवो. पुढल्यानें दुरुस्त करावें अशा रीतीनें पहिल्यानें लिहावें, एवढें पुरे.

छांगआनच्या प्रत्येक मोहोल्ल्याला नांव होतें. धुळ्याच्या जुन्या सरळ गल्ल्या आजही अंकांनीं ओळखल्या जातात: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पांच, गल्ली नंबर सहा. पत्र पोंचवावयास अंक पुरतो. पण त्या प्रत्येक गल्लींत कोणी तरी वृद्ध मनुष्य अद्याप आहे, ज्याला तेथें पूर्वीं कोणाचा वाडा होता, विहीर कोठें होती आणि पुराचें पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढल्याचें आजा सांगत असे, हें ठाऊक आहे. त्याच्याकडे वही घेऊन जावयाचें काम कांहीं पंडितांचेंच नाहीं. गल्लींतला शाळेचा मुलगाही तें करूं शकेल, आणि बहुधा आमच्यापेक्षां बरें करील, कारण त्याला तेथली बोली कळते.